आठ हजार सहाशे चाळीसची मिरवणूक

माणसाने आयुष्यात एकदा तरी कशात तरी पहिलं यावं. शाळेत मी चौदावा, सतरावा असा यायचो. बाथरूमच्या फरशा बनवणाऱ्या कंपनीत गेली अकरा वर्षं मी उपविभागप्रमुख आहे आणि विभागप्रमुखाची तब्येत दृष्ट लागण्यासारखी उत्तम आहे. पण एकदा, फक्त एकदा, मी पहिला आलो होतो. एकोणीस वर्षांपूर्वी, एका टेबलावर.

टेबल म्हणजे जेवायचं नव्हे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत नागोयातल्या झाडून सगळ्या कॉफीच्या दुकानांनी आपली लाकडी टेबलं काढून खेळाची टेबलं मांडली होती. वर काच, काचेवर कॉफीचा कप, काचेखाली पडदा, आणि पडद्यावर काळ्या आकाशातून रांगेने खाली उतरणारे पांढरे खेकडे. एका हाताने दांडी हलवून तळाशी असलेलं आपलं जहाज सरकवायचं, दुसऱ्याने बटण दाबून खेकडे टिपायचे. ते जमिनीला टेकले की तुम्ही मेलात. सगळं गाव माना खाली घालून बसलेलं असायचं. परगावच्या माणसाला वाटावं, इथे सुतक आहे.

आमच्या वस्तीत हे टेबल 'कामोमे'मध्ये होतं. दुकान तामाएमावशींचं. तिथे एका शनिवारी सकाळी मी आठ हजार सहाशे चाळीस गुण केले. कसे? खेकड्यांना नाकापर्यंत येऊ द्यायचं. अगदी शेवटच्या रांगेत आले की त्यांच्या गोळ्या तुम्हाला लागत नाहीत, तुमच्या त्यांना लागतात. ही युक्ती साऱ्या देशात आमच्या गावाच्या नावाने ओळखली जायची. करायला मात्र छाती लागते. ती माझ्याकडे त्या एका सकाळी होती. नंतर कुठे गेली कुणास ठाऊक.

त्या खेळात नाव लिहायची सोय नव्हती. पडद्याच्या माथ्यावर सर्वांत मोठा आकडा दिसायचा, बस. आणि दुसरं म्हणजे, टेबलाला वीज आहे तोवरच ते आकडा लक्षात ठेवायचं. प्लग काढला की सगळं साफ, शून्य. म्हणून मावशींनी ते टेबल कधी बंद केलं नाही. बाकीची टेबलं काळाच्या ओघात भंगारात गेली, पोरं घरच्या टीव्हीला यंत्रं जोडून खेळायला लागली, पण कोपऱ्यातलं माझं टेबल चालूच राहिलं. एकोणीस वर्षं दर शनिवारी मी तिथे जाऊन बसायचो. पुरण लावलेला टोस्ट, उकडलेलं अंडं, एक कॉफी. मग आकड्याकडे बघायचं आणि दुसरी कॉफी मागवायची. या दुसऱ्या कॉफीवर माझा पुढचा आठवडा निघायचा.

माझी बायको तोशिए हिचा यावर कधीच विश्वास बसला नाही.

"अहो, पण त्यावर तुमचं नाव कुठाय?"

"मावशी साक्षीदार आहेत."

"आणि मागे वादळात दोन दिवस अख्ख्या गावाची वीज गेली होती, तेव्हा?"

"कॉफीच्या दुकानांची लाइन वेगळी असते," मी सांगितलं. अशी लाइन असते की नाही याची मी कधी चौकशी केली नाही. काही गोष्टींची चौकशी करू नये.

मार्चमध्ये एका शनिवारी मावशी अंडं ठेवता ठेवता म्हणाल्या, "किमाता, एप्रिलअखेर इमारत पाडतायत. गाड्या लावायला जागा करणार. मी धाकट्या बहिणीकडे जाते गिफूला. हे टेबल तू ने बाबा, नाहीतर भंगारवाला नेईल."

माझ्या घशात टोस्ट अडकला. टेबल मिळाल्याचा आनंद बाजूला राहिला, डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. दुकान ते माझं घर चारशे पावलं. चारशे पावलं टेबल न्यायचं, आणि तेही बंद न करता!

"बंद न करता?" मावशींनी डोळे बारीक केले. "अरे, प्लग काढ आणि ने की. त्यात काय?"

"त्यात काय म्हणजे? मावशी, आकडा!"

मावशी काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाने साखर मागितली आणि ते राहून गेलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. बसल्या जागी पाय हलायला लागला. तोशिए म्हणे, जिना हलतोय असं वाटतं. ऑफिसात फरशांच्या नमुन्यांवर मी नकळत चारशे पावलांचा नकाशा काढला आणि तो नमुना गिऱ्हाइकाकडे गेला. गिऱ्हाइकाला डिझाइन आवडलं, ती गोष्ट निराळी.

पहिला सल्ला आमच्या खालच्या मजल्यावरच्या इनुकाईकाकांचा. काका वीज कंपनीतून निवृत्त झालेले. दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या खांबावरच्या तारांना नावं ठेवतात.

"ऑफिसात कॉम्प्युटरसाठी बॅटरीचं खोकं असतं ना? वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवतं ते? ते आण. पंचवीस मिनिटं सहज निघतील."

"पण टेबल भिंतीतून काढून खोक्याला लावताना मध्ये क्षणभर—"

"ते मी बघतो. चालू तारेला दुसरी तार जोडायची. चाळीस वर्षं तेच केलंय."

त्यांच्या डाव्या हाताला साडेचार बोटं आहेत हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

खोकं मिळवण्यासाठी ऑफिसात अर्ज करावा लागला. अर्जावर तीन शिक्के. त्यातला दुसरा उपविभागप्रमुखाचा, म्हणजे माझाच. मी माझ्याच अर्जावर गंभीरपणे विचार करून शिक्का मारला. 'कारण' या रकान्यात मी 'घरगुती निकड' असं लिहिलं. विभागप्रमुखांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "किमाता, घरी सगळं ठीक आहे ना? वहिनी बऱ्या आहेत?" दुपारपर्यंत ऑफिसात बातमी पसरली होती की माझ्या बायकोला यंत्रावर ठेवलंय. तिघांनी फळं पाठवली. ती मी खाल्ली. काय करणार?

मग कोपऱ्यावरची पोलीस चौकी. जड सामान हातगाडीवरून रस्त्याने न्यायचं तर आधी सांगितलेलं बरं, असं मला वाटलं. ही माझी चूक. सांगायलाच नको होतं. तिथला पोलीस तरुण, इस्त्रीचा, आणि नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा.

"काय न्यायचंय?"

"टेबल."

"न्या की."

"चालू ठेवून न्यायचंय."

"टेबल?"

मग मला खेकड्यांपासून सगळं सांगावं लागलं. त्याने पुस्तक उघडलं. "म्हणजे खेळाचं यंत्र. नाणं टाकायची फट आहे?"

"आहे."

"रस्त्यावर नाण्यावर चालणारं यंत्र चालू स्थितीत म्हणजे धंदा झाला. परवाना?"

"अहो, धंदा कसला! सामान हलवतोय मी."

"मग बंद करून हलवा."

"बंद करता येत नाही."

"बिघडलंय?"

"नाही हो, ठणठणीत आहे!"

"बंद होत नाही म्हणजे बिघडलेलंच," असं म्हणून त्याने पुस्तक मिटलं. मी घरी येऊन अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसलो.

आता वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष ओगिसोसाहेब. यांच्याकडे मी गेलोच नव्हतो, तेच आले. मग घरोघर फिरणारी सूचनांची जी फाइल असते, तिच्यात कचऱ्याच्या वारांच्या खाली माझं प्रकरण चिकटलं: 'श्री. किमाता यांचे टेबल हलवण्याबाबत मते मागवणे.' फाइल अठ्ठावीस घरं फिरून आली. सहा जणांनी लिहिलं होतं, 'हरकत नाही.' एकाने लिहिलं होतं, 'टेबलापेक्षा जिन्यातला दिवा आधी दुरुस्त करा.' आणि नऊ जणांनी, होय, नऊ जणांनी लिहिलं होतं, 'आकड्याचा फोटो काढावा व टेबल बंद करावे.'

फोटो! माणसं अशी असतात. फोटोत आकडा येईल हो, विक्रम कसा येईल? डोंगर चढून गेलेल्या माणसाला कुणी म्हणतं का, की चित्र काढ आणि खाली ये?

तोशिए म्हणाली, "नऊ जणांत मीही आहे."

ओगिसोसाहेबांनी मात्र तोड काढली. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आमच्या वस्तीच्या देवळाची पालखी निघते. तिचा परवाना मंडळाच्या नावावर, दरवर्षीचा. "पालखीमागून देवाचं सामान जातं. त्यात एक गाडी वाढली तर कोण विचारतोय? पांढरं कापड घालू, गवताचा दोर गुंडाळू. देवाचं सामान चालू आहे की बंद, हे पोलीस नाही बघत."

मी त्यांच्यापुढे कमरेत वाकलो. इतका तर मी सासऱ्यांपुढेही वाकलो नव्हतो.

रविवार उजाडला. सकाळपासून मी चार वेळा दुकानात जाऊन आकडा बघून आलो. आठ हजार सहाशे चाळीस. आहे. अकरा वाजता इनुकाईकाकांनी तारा जोडल्या. कशा ते मी सांगणार नाही, कारण तसं करायचं नसतं. एक निळी ठिणगी उडाली, काका "आई गं" म्हणाले, मी डोळे मिटले. उघडले तर आकडा जागच्या जागी! खोकं टेबलाखाली, टेबल हातगाडीवर, वर पांढरं कापड. मावशी दुकानाला कुलूप लावून उकडलेल्या अंड्यांची टोपली घेऊन मागून चालायला लागल्या. पंचवीस मिनिटं सुरू झाली.

चारशे पावलांना सहा मिनिटं पुरतात हा माझा हिशोब होता. पालखी सरळ चालत नाही हे मी विसरलो होतो. जन्मभर त्याच वस्तीत राहून विसरलो! पालखी चार पावलं पुढे जाते, दोन मागे येते, हेलकावे खाते, आणि ज्या ज्या दारात ताकाच्या भांड्याएवढा दारूचा पेला घेऊन यजमान उभा असतो तिथे थांबते. तांदळाच्या दुकानापाशी सहा मिनिटं. न्हाव्यापाशी पाच. न्हाव्याने मलाही पेला दिला. मी म्हटलं, "नको, वेळ नाही." तो म्हणाला, "देवाच्या कामाला वेळ नाही?" प्यावं लागलं.

चौदाव्या मिनिटाला एका म्हाताऱ्या आजींनी गाडीजवळ येऊन भक्तिभावाने कापड बाजूला केलं. देवाचं सामान म्हटल्यावर दानाची फट असणारच, असं त्यांना वाटलं असावं. फट होतीच. त्यांनी नाणं टाकलं, देवापुढे वाजवतात तशी दोनदा टाळी वाजवली, डोळे मिटले. आणि टेबल जागं झालं.

ढुम, ढुम, ढुम, ढुम. खेकडे निघाले.

समोर चौकी. चौकीच्या दारात तो इस्त्रीचा पोलीस. त्याने मान वळवली.

"आवाज कसला?"

"ढोल," ओगिसोसाहेब म्हणाले.

"ढोल कुठाय?"

"आत आहे. लहान आहे."

खेकडे जसजसे कमी होतात तसतसा ढोल जलद होतो, ही त्या खेळाची खुबी. सुदैवाने आमच्या आजी खेळत नव्हत्या. जहाज तीनदा मेलं, ढोल थांबला. पोलीस कापडाकडे बराच वेळ बघत राहिला, मग त्यानेही दोनदा टाळी वाजवली आणि वाकून नमस्कार केला. मी कापडाखाली डोकावलो. आकडा? आकडा शाबूत.

एकविसाव्या मिनिटाला खोक्याने 'टीं' केलं.

"इशारा आहे," इनुकाईकाका म्हणाले. "अजून चार मिनिटं. जुनं असेल तर तीन."

मग मी पालखी सोडली. देव क्षमा करील. मी, इनुकाईकाका आणि ओगिसोसाहेब गाडी ओढत पळत सुटलो, मागे अंड्यांची टोपली सांभाळत मावशी. टीं. टीं. टीं. इमारतीशी आलो, टेबल उचललं, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं. एका वळणावर ओगिसोसाहेब भिंतीत आणि टेबलात अडकले. त्यांना तसंच ढकलून वर घेतलं. दार उघडंच होतं. टींटींटींटीं. बैठकीच्या खोलीत टेबल टेकलं, मी खोक्याचा प्लग हातात घेतला आणि जिवाच्या आकांताने भिंतीत खुपसला.

खट्!

सगळं घर अंधारलं. म्हणजे दुपार होती, तसा उजेड होता, पण दिवे गेले, फ्रिज थांबला, आतल्या खोलीतून माझी मुलगी मिझुहो किंचाळली, "बाबा! माझा खेळ गेला!"

तोशिएने पाहुण्यांसाठी बेत केला होता. विजेच्या भांड्यात लाल भात, मायक्रोवेव्हमध्ये मासा, विजेच्या तव्यावर कोळंबी, आणि मिझुहोच्या टीव्हीवर तिचं रंगीत यंत्र. वर माझ्या टेबलाची भर पडली आणि मुख्य बटण खाली पडलं. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घरात हे आठवड्यातून एकदा होतं. तवा चालू असताना मायक्रोवेव्ह लावू नये हे शेंबडं पोरही सांगेल. खोक्याने एक लांब 'टीं' केलं आणि मान टाकली. पडदा बारीक झाला, एक ठिपका उरला, मग तोही गेला.

तोशिए हातात झारा घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा माझ्यासाठी पडलेला मी पाहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे बघा, आहे की!"

काचेखाली खरंच आठ हजार सहाशे चाळीस दिसत होतं, पुसट. इतकी वर्षं एकाच जागी उजळून तो आकडा पडद्यात भाजला गेला होता.

"ते भूत आहे," मी म्हणालो आणि जमिनीवर बसलो. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. एकेचाळीस वर्षांचा माणूस, तीन पुरुषांसमोर... म्हणजे दोन, तिसरा मीच.

इनुकाईकाकांनी जाऊन मुख्य बटण वर केलं. पडदा उजळला. माथ्यावर शून्य, शून्य, शून्य, शून्य.

तामाएमावशी शांतपणे अंडं सोलत होत्या.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"चारपर्यंत होईल मग. मिझुहो, तुझी उशी आण गं बसायला."

"काय होईल?"

"तुझे आठ हजार सहाशे चाळीस. दरवर्षी मला चार तास लागतात. वादळाच्या साली दीड दिवस लागला होता, तेव्हा हाताला सवय नव्हती."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला, आणि तो मला नको होता. वर्षअखेरची साफसफाई. मावशींच्या दुकानात टेबलाखाली कधी धुळीचा कण नसायचा. आणि दर जानेवारीत मावशींच्या मनगटाला औषधी पट्टी असायची. मला वाटायचं, सणाचा भात कुटून दुखत असेल.

"म्हणजे तुम्ही... दरवर्षी..."

"प्लग काढल्याशिवाय टेबल सरकत नाही रे. आणि त्या कोपऱ्यात झुरळं किती! पहिल्या साली काढला आणि मग आठवलं, अगंबाई, किमाताचा आकडा! मग बसले."

"म्हणजे एवढी वर्षं मी तुमच्या आकड्याला..."

"तुझाच आकडा. मी फक्त पुसून परत लिहायची."

तोशिए हसायला लागली. तव्यावरची कोळंबी सोडून ती हसत होती. ओगिसोसाहेब हसले, इनुकाईकाका साडेचार बोटं तोंडावर धरून हसले. माझं डोकं फिरलं. "मावशी, तुम्ही तिथपर्यंत पोचत होतात तर पुढे का नाही गेलात? अं? कुणी अडवलं होतं?"

"पुढे गेलं तर वाईट दिसतं," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी मोजून मारायचे. चाळीस झाले की हात मांडीवर ठेवायचे आणि मरायचं."

"पण का?"

मावशींनी अंड्याला मीठ लावलं. "आमचे हे गेले ना, त्या वर्षी महिनाभर दुकानात कुणी फिरकलं नाही. माणसांना कळत नाही काय बोलावं. तू मात्र शनिवारी आलास. बोलला नाहीसच काही. आकडा बघितलास आणि म्हणालास, मावशी, आणखी एक कॉफी. आकडा नसता तर पहिल्या कॉफीवर उठला असतास. मग मी काय केलं असतं रे?"

मी उठून उशी टेबलापाशी सरकवली.

मावशी उशीवर बसल्या, मनगट दोनदा फिरवलं आणि दांडी धरली. मी उभाच होतो. एक वाजला, दोन वाजले. ओगिसोसाहेब पालखी आठवून पळाले. मिझुहो आपलं रंगीत यंत्र सोडून येऊन बसली. "बाबा, यांच्यासारखं तुम्हाला येतं?" तिने विचारलं. मुलं प्रश्न विचारतात. मावशी खेकड्यांना नाकापर्यंत येऊ देत होत्या, पापणीही न लववता. एवढी छाती माझी त्या सकाळीही नव्हती, आता कबूल करतो.

पावणेचारला आठ हजार सहाशे झाले. सहाशे दहा. सहाशे तीस. मावशींनी एक दहाचा खेकडा निवडून टिपला. सहाशे चाळीस, बरोबर त्या भुताच्या अंगावर. आणि सवयीने त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ढोल जलद झाला. खेकडे शेवटच्या रांगेत आले.

"मावशी," मी म्हणालो.

"झालं बघ तुझं."

"मावशी, हात उचला."

"अरे, पण तुझा—"

"हात उचला म्हणतो ना! नाकाशी आलेत!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दांडी धरली. सहाशे पन्नास. सहाशे साठ. सहाशे नव्वद. भुताच्या आकड्यावर नवा आकडा चढला आणि जुना वाचता येईना. मावशी मान खाली घालून हसत होत्या, आणि थांबायचं नाव घेत नव्हत्या.

"तोशिए," मी हाक मारली, "मावशींना कॉफी टाक. मलाही."

कॉफी आली, आम्ही प्यालो. अजून ढोल चालूच होता.

"आणखी एक टाक," मी म्हणालो, "पण तो तवा आधी बंद कर."